राजोडीची भरती

साहेब, मैदानाला कुलूप तुम्हीच लावलंत. "पोरींच्या फुटबॉलने गवत खराब होतं," म्हणालात. मग आम्ही राजोडीच्या किनाऱ्यावर खेळलो. भरती चपलांचे गोलपोस्ट न्यायच्या आत सामना उरकायला शिकलो.

मग स्पर्धांसाठी डेन्मार्क, स्वीडन सहा दिवसांत केलं. शाळांच्या फरशीवर झोपलो, घरून नेलेली वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खाल्ली. स्वीडनमध्ये फायनलला दहा मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गोलने मागे होतो. गोलकीपर एलिना सवयीने ओरडली, "भरती येतेय गो, पळा!"

"इथे समुद्र कुठाय, येडे?" मी ओरडले. पण सगळ्यांचे पाय सुटलेच होते. अश्लेषाने दोन गोल ठोकले.

कप आणलाय. आता तुम्ही फोटोला आलात. आधी सांगा, कुलूप कधी काढताय?