कोरा रकाना

ऑफिसात त्याला सगळे तक्तेवाले म्हणत. बांधकाम कंपन्यांच्या महासंघात तो दरवर्षी एकच तक्ता करी: कोणत्या देशाच्या कंपन्यांनी परदेशात किती कामं मिळवली, किती वेळेत उरकली, आणि शेवटी कोण कितवा. काम तसं बैठं, पण तोरा बघा! पहिला कोण हे त्याच्या टेबलावर ठरे आणि पेपरवाले त्यालाच फोन लावत.

तक्त्यात पूर्वी आणखी एक रकाना होता, साइटवर जखमी झालेल्या माणसांचा. पण महासंघाचा दंडकच होता, एका जरी देशाने रकाना कोरा पाठवला तर तो सगळ्यांचाच काढायचा, अर्धवट तुलना करायची नाही. पहिल्या नंबरचा देश तो दरवेळी कोराच पाठवी. शेवटी तक्तेवाल्याने तो स्वतःच्या हाताने उडवला, आणि तक्ता कसा सुटसुटीत झाला म्हणून साहेबांची शाबासकीही घेतली.

त्याचा धाकटा भाऊ परांच्या बांधायचा. इमारत उभी राहताना बाहेरून लोखंडी सांगाडा चढतो ना, तो. त्याला परदेशातून एकदम दोन बोलावणी आली, एक पहिल्या नंबरच्या देशाच्या कंपनीचं, दुसरं सातव्याच्या. पगारात फारसा फरक नव्हता. तो सरळ दादाकडे आला. सगळ्या जगाची माहिती ठेवणारा माणूस घरात असताना बाहेर कशाला विचारायचं?

आणि इथंच दादाने माती खाल्ली. सातव्या देशाने जखमींचा आकडा इमानाने भरून पाठवला होता, एकशे बारा. तो दादाच्या डोक्यात रुतून बसला होता. पहिल्याचा रकाना कोरा, म्हणून त्याच्याबद्दल डोक्यात काहीच नव्हतं. जन्मभर तुलना करून पोट भरलेल्या माणसाने एकशे बाराची तुलना कोऱ्या कागदाशी केली, आणि छातीठोकपणे सांगितलं, "डोळे झाकून पहिल्याकडे जा."

अकराव्या महिन्यात धाकटा सहाव्या मजल्यावरून खाली पडला. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. इमारत मात्र ठरल्या तारखेला पूर्ण झाली, आणि पुढच्या तक्त्यात ‘वेळेत पूर्ण’च्या खाली दादानेच तिची भर घातली. हात कसा धजला, त्याचं त्यालाच माहीत.

यंदा त्याने तो रकाना पुन्हा घातला. साहेबांनी लाल पेनाने काट मारली, दंडक म्हणजे दंडक म्हणाले, आणि हा गप्प बसला. स्वतःचं ते गप्प बसणं त्याला घरी येईपर्यंत खात होतं.

भाऊ पलंगावर उशीला टेकून बसला होता. रोजच्यासारखी चेष्टा करत त्याने विचारलं, "काय तक्तेवाले, यंदा तरी आलो का मी तुमच्या तक्त्यात?"

दादाने नाही म्हणून मान हलवली. मग दोन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं, एकशे बारा, कोरा रकाना, सगळं. शिव्या खायची त्याची तयारी होती. भावाने त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे सातव्याकडे जाऊन पडलो असतो," भाऊ सावकाश म्हणाला, "तर एकशे तेरावा तरी झालो असतो."

भावाच्या पाठीमागची उशी घसरली होती. ती दादाने नीट लावली आणि तिथंच पायाशी बसून राहिला.