या रेघा पुसायच्या नाहीत

मित्रांनो, मला अडगळ समजून कोपऱ्यात सरकवू नका. मी रंगपेटी आहे. विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीत, नाटकांच्या मांडवात मी आयुष्य काढले. माझ्या झाकणात वीतभर आरसा आहे आणि त्यात कितीतरी तोंडे रंगली. पण मला सांगायची आहे ती एकाच बाईच्या तोंडाची गोष्ट. तिचे नाव सत्यभामाबाई.

माझा जन्म तुमसरचा, साल एकाहत्तरचे. आधी मी तेलाचा रिकामा डबा होते. बाबुलाल पत्रेवाल्याने मला कात्रीने कापले, ठोकून सपाट केले, कडा दुमडून कथलाच्या डागाने जोडल्या आणि आत रंगांसाठी खण पाडले. मला बनवून घेतले ते राइस मिलमधल्या तुलारामने. त्याची बहीण सत्यभामा पवनीजवळच्या कोंढ्याला दिलेली होती. तिला नाटकात काम मिळाले होते. त्या काळी आमच्या भागात बायकांची कामे बरेचदा पुरुषच लुगडे नेसून करत. घरची सून मांडवात उभी राहणार म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली होती. तुलारामने मला बहिणीच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "लोक बोलतीन त बोलू दे, बाई. तू रंग लाव."

तिने लावला. सफेदा, पिवळी, हिंगूळ, काजळ, खोबरेल तेलाची बाटली, सगळे माझ्या खणांत नांदू लागले. पावसाळ्यात ती नवऱ्याबरोबर, यादोरावांबरोबर, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी करी. ओल्या लाकडांची चूल फुंकणीने फुंकी. दिवाळी झाली, धान कापले गेले, की मंडईचे दिवस सुरू होत. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि जत्रा म्हटली की नाटक. मग मी तिच्या काखेत बसून गावोगाव फिरे.

मंडळाचे मालक होते पवनीचे भय्याजी. त्यांचे गाजलेले नाटक 'बोडीकाठची सगुणा'. बोडी म्हणजे गावचे लहान तळे. पहिल्या अंकात सगुणा अठरा वर्षांची नवरी असते. शेवटच्या अंकात ती म्हातारी होते आणि परगावी वाढलेला तिचा मुलगा तिला ओळखत नाही. ही सगुणा सत्यभामाबाई पंधरा वर्षे करत होत्या. बायका पोरे काखेला मारून दुरून त्यांना बघायला येत. माझेही कौतुक होई. "याच पेटीतून सगुणा निघते," असे लोक म्हणत, आणि माझा पत्रा अभिमानाने तापे.

तोवर मांडवात गॅसबत्त्या असत. त्या पिवळ्या उजेडात दहा हातांवरचा चेहरा गुळगुळीत दिसे. मग वीज आली, आणि शहाऐंशीच्या हंगामाला भय्याजींनी नवे मोठे दिवे आणले. पांढरा, धारदार उजेड. पावसाळ्याआधीच पवनीला तालीम सुरू झाली होती. सत्यभामाबाई दिव्यासमोर उभ्या राहिल्या आणि भय्याजींनी तालीम थांबवली.

"बाई, आवाज तसाच हाये," ते म्हणाले. "पन ओठाच्या भवताल पाहा जरा. सुरकुत्याच सुरकुत्या. पहिल्या अंकात सगुणा अठरा वर्साची हाये."

"मंग?"

"मंग नागपूरले एक चामडीचे डॉक्टर हायेत. आता लेसर नावाचा किरण निघाला म्हणते. इस्तरी फिरवल्यावानी चेहरा साफ करते. मंडईच्या आंधी करून घ्या. नाही त मले ललिताले उभी करा लागन."

ललिता ही मंडळात नव्याने आलेली मुलगी. तिच्याकडे आतापर्यंत सगुणेच्या मैत्रिणीचे काम होते.

घरी येऊन सत्यभामाबाईंनी मला उघडले. रंगाला हात लावला नाही, नुसते आरशात पाहिले. दोन बोटांनी ओठांच्या कडा ताणल्या, रेघा गेल्या. बोटे सोडली, रेघा परतल्या. वरच्या ओठावर उभ्या बारीक, तोंडाच्या दोन्ही बाजूंना खोल. त्या वारंवार ताणत होत्या आणि सोडत होत्या. मित्रांनो, खोटे सांगत नाही, त्यांनाही त्या रेघा नको होत्या.

यादोराव ओसरीवरून बघत होते. "काहून छळून राहिली त्या तोंडाले? मले त काही दिसत नाही."

"तुमाले काय दिसन? तुमच्या डोयात मोतीबिंदू हाये."

यादोराव हसले, पण नागपूरच्या एस.टी.त बाईंच्या शेजारी बसले. मीही गेले, कारण तोंडाला कोणते रंग लागतात ते डॉक्टरांना दाखवायचे होते.

डॉक्टर पोक्त आणि शांत होते. त्यांनी माझ्यातला सफेदा बोटावर घेऊन पाहिला. मग बाईंना हसायला, ओठ आवळायला, फुंकर मारायला सांगितले. प्रत्येक वेळी ते जवळून बघत होते.

"तीन मार्ग आहेत," ते म्हणाले. "एक, औषध लावून वरची कातडी सोलायची. दुसरा, फिरत्या ब्रशाने ती घासायची. दोन्हींत खालून नवी कातडी येते आणि रेघा कमी होतात. तिसरा म्हणजे लेसर. तो उजेडाचाच झोत असतो, पण इतका तीव्र की वरचा थर जाळतो. माझ्याकडे तो नाही. मोठ्या शहरांत आला आहे, तीळ आणि मस काढायला वापरतात. सुरकुत्यांसाठी त्याचे अजून प्रयोगच चालू आहेत."

"मंग पयल्या दोनातलं एक करा," बाई म्हणाल्या.

"करता येईल. पण आधी ऐका. आपल्या सावळ्या कातडीवर डाग राहू शकतात, तोंडाभोवती पांढरे कडेही पडू शकते. कधी व्रण उरतो आणि ओठांजवळची कातडी ताठरते. काही महिने उन्हात जायचे नाही, चुलीपुढे बसायचे नाही, असला रंग लावायचा नाही."

बाईंनी बोटाने वरचा ओठ चाचपला. मग विचारले, "ताठरली त मले रडता येईन का? म्हणजे मांडवात? माह्या ओठाचा थरकाप लोकाईले दिसला पाहिजे."

"ती खात्री मी देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी तुम्हाला एक विचारतो. या रेघा दुखतात का? खाताना, बोलताना त्रास होतो?"

"नाही."

"मग हा आजार नाही. इलाज हवाच असेल तर मी करीन, आणि हवासा वाटण्यात काही गैर नाही. पण तो तुम्हाला हवा असला पाहिजे. दुसऱ्या कोणाला नव्हे."

यादोराव हळूच म्हणाले, "तुले पाहिजे असन त कर. रोवणी मी मजूर लावून करीन."

सत्यभामाबाईंनी माझे झाकण खाडकन बंद केले. "चला घरी," त्या म्हणाल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांचा हात माझ्या कडीवर घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी भय्याजींनी तालमीतच विचारले, "मंग? कवा करून राहिल्या?"

"करत नाही."

"बाई, मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो."

"माह्या भल्याचं मी पायते. डॉक्टरनं समदं समजावलं. ज्या तोंडावर माहं पोट हाये, ते मी जुव्यावर लावत नाही."

भय्याजींचा चेहरा उतरला. पवनीच्या मंडईचा प्रयोग बाईंच्या नावावर आधीच ठरला होता, म्हणून तेवढा प्रयोग बाईंनीच करायचा असे ठरले. अट एकच. तोंडाभोवती रंगाचा जाड थर द्यायचा. पुढच्या गावापासून ललिता.

दिवाळीनंतर प्रयोगाच्या दिवशी दिवेलागणीला मी रंगपटात उघडी होते. बाईंनी सफेदा चढवला, वर आणखी चढवला. रेघा बुजल्या. मग त्यांनी माझ्या आरशात सगुणेसारखे हसून पाहिले. थर चिरला आणि कोरड्या बांधीसारख्या भेगा पडल्या. पुन्हा लिंपले, पुन्हा चिरला. ललिता बाजूला उभी होती. ती घाबरत म्हणाली, "मावशी, हसू नका म्हणजे झालं."

"सगुणा हसली नाही त लोक रडतीन कायले?" बाई म्हणाल्या. त्यांनी खोबरेल तेलात कपडा बुडवला आणि ओठांभोवतीचा सगळा रंग पुसून काढला. गालाला हलका रंग, डोळ्यांत काजळ, कपाळाला कुंकू. तोंड मात्र जसे होते तसे. भय्याजी धावत आले, पण पडदा वर गेला होता.

ललिताने मला उचलून विंगेत ठेवले, तिथून मला दिसत होते. सगुणा घागर घेऊन बोडीवर येते, असा पहिला प्रवेश. पांढरा उजेड थेट तिच्या तोंडावर पडला. मांडवात चुळबुळ झाली. मग मागून कोणीतरी ओरडले, "अबे, हे नवरी हाये का नवरीची आजी?"

हशा पिकला. ललिताने तोंडावर हात घेतला. भय्याजी पडदा पाडायची खूण करू लागले.

सत्यभामाबाईंनी घागर खाली ठेवली. चालत पुढे आल्या, अगदी दिव्याखाली, आणि हनुवटी वर केली.

"पाहा. चांगली उजेडात आली मी. पंधरा वर्सं ह्या तोंडानं तुमाले हसवलं, ह्या तोंडानं रडवलं. कोंढ्यात चूल फुकली, बांधीत ऊन खाल्लं. त्याच्या रेघा हायेत ह्या. मी त्या पुसत नाही. सगुणा मले अठरा वर्साची करता येते. पटत नसन त उठा, वाट मोकळी हाये. मी इथून हालत नाही."

हशा थांबला. दोन-चार पोरे उठून गेली, ती परत आली नाहीत. बाकीचा मांडव बसून राहिला. बाई मागे वळल्या, घागर उचलली आणि पुढचे वाक्य म्हटले. आवाज अठरा वर्षांचा होता, चालही अठरा वर्षांची होती. थोड्या वेळाने लोक हसले, पण ते सगुणेच्या खोडीला हसले.

शेवटच्या अंकात मुलाने विचारले, "तू कोण, बाई?" सगुणेला उत्तर द्यायचे नव्हते. नुसते बघायचे होते. वरचा ओठ थरथरला. मग त्या बारीक उभ्या रेघा एकामागून एक हलल्या, तोंडाच्या बाजूच्या खोल झाल्या, आणि सगळे तोंड रडे गिळू लागले. इतकी वर्षे गॅसबत्तीच्या उजेडात हे कोणाला नीट दिसलेच नव्हते. आता मागच्या रांगेपर्यंत दिसले. बायका पदर तोंडात धरून बसल्या होत्या. विंगेत यादोराव डोळे पुसत होते.

पडदा पडल्यावर बाईंनी मला रंगपटात आणले, मागोमाग भय्याजी आले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. माझ्याकडे बघत ते म्हणाले, "उद्या अड्याळचा प्रयोग हाये, बाई. वेळेवर या."

"येते," बाई म्हणाल्या. बस, एवढेच.

त्यानंतर त्यांनी दोन हंगाम पूर्ण नाटक केले. तिसऱ्या वर्षी पहिला अंक त्यांनी आपणहून ललिताला दिला. भय्याजी म्हणाले, "आता काहून? लोकाईची काही तक्रार नाही." तेव्हा बाई म्हणाल्या, "तोंडापायी नाही, गुडघ्यापायी. नवरीले नाचा लागते." शेवटचा अंक मात्र त्यांनी कोणाला दिला नाही. आणि मला त्यांनी ललिताच्या हवाली केले.

आता मी ललिताच्या घरी असते. हंगाम नसला की फळीवर धूळ खाते. परवा तिच्या घरी आलेल्या कोणीतरी सुचवले, हिचा पत्रा घासून वर चकचकीत निळा रंग मारू, नवी दिसेल.

मित्रांनो, मला तेवढेच सांगायचे आहे. रंगाशी माझे वैर नाही, रंगावरच मी जगले. तुम्हाला हौस असेल तर तोंडाला रंग लावा, आणि मोठेपणी कोणी इलाज करून घेतला तर त्याला हसू नका. पण घरात ज्यांची तोंडे सुरकुतली आहेत, त्यांना आरशापुढून हटवू नका. वापरलेल्या वस्तूंची काळजी घ्या. मला गंज चढू लागला तर तेलाचा हात फिरवा, आरसा मऊ फडक्याने पुसा, खणांत ओल राहू देऊ नका. मी आनंदाने अजून वीस हंगाम काम करीन. फक्त मला नवी दिसायला सांगू नका. मी दिसणार नाही.