पिवळ्या पाटीवरची अक्षरं

मित्रांनो, माझी शिवण उसवली आहे आणि पानोपानी मशीनच्या तेलाची बोटं उमटली आहेत. जपानी अक्षरांचे अर्थ इंग्रजीत सांगणारा मी एक जुना शब्दकोश आहे. सध्या माझा मुक्काम चाकणच्या एका कारखान्यात असतो.

माझा जन्म जपानमधल्या एका छापखान्यात झाला. तिथला एक इंजिनिअर मला चाकणला घेऊन आला. इथल्या सहकाऱ्यांना चार अक्षरं शिकवावीत असं त्याच्या मनात होतं, पण कामाच्या रगाड्यात ते राहूनच गेलं. तो मायदेशी परतला आणि मी सहा वर्षं कपाटात धूळ खात पडलो.

मग याच कारखान्यात काम करणाऱ्या भाग्यश्रीची दोन वर्षांसाठी जपानच्या कारखान्यात निवड झाली. क्वालिटी विभागाच्या प्रमुख विजयश्री मॅडमनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि तिच्या हाती दिलं. मोशीच्या घरी तिच्या वडिलांनी, बुद्धरत्नांनी, मला खाकी कव्हर घातलं. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. घडी घालायला वेळ लागला, पण कोपरे नीट बसले.

परदेशात माझे दिवस चांगले जातील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. दुकानात, बसमध्ये भाग्यश्रीचा फोनच तिच्यासाठी बोलायचा. कंपनीच्या सांगण्यावरून ती परीक्षेला बसली आणि नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा तेच. जपानीच्या वर्गातल्या बाईंनी एकदा सगळ्यांना विचारलं, "तुम्ही जपानी कशासाठी शिकता?" कोणाला तिथलीच मुलगी आवडली होती, कोणाला तिथे हॉटेल काढायचं होतं. भाग्यश्री म्हणाली, "कंपनीने सांगितलं म्हणून." घरी येऊन तिने मला भाताच्या कुकरखाली सरकवलं. चार महिने मी तिथे वाफ सोसली.

एके दिवशी तिच्या कारखान्यात एक जुनी प्रेस भारतात पाठवण्यासाठी बांधली जात होती. पत्रा दाबून कापायचं ते यंत्र. तिच्या अंगावर एक पिवळी पाटी होती. अशाच जुन्या जपानी प्रेसवर तिचे वडील काम करायचे. भाग्यश्री तिथेच थबकली. आत फोन न्यायची परवानगी नव्हती. तिने एकेक अक्षर बघून बघून हातावर उतरवलं, शाई पुसू नये म्हणून दिवसभर मनगट जपलं, आणि घरी येताच मला कुकरखालून ओढून काढलं. अक्षरांच्या रेघा मोजत ती माझी पानं उलटत होती. एका अक्षराला तिला अर्धा तास लागला. वाक्य पुरं झालं तेव्हा तिने ते वहीत उतरवून घेतलं.

रविवारी सकाळी तिने घरी फोन लावला.

"पप्पा, तुमच्या प्रेसवर पिवळी पाटी होती का?"

"होती की. रोज फडक्याने पुसायचो मी ती. आम्हाला वाटायचं, कंपनीचं नाव असेल."

"त्या दिवशी तुम्ही बटण बंद केलं होतं ना?"

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये त्या प्रेसखाली बुद्धरत्नांची दोन बोटं गेली, त्याला अठरा वर्षं झाली होती. बटण बंद करूनच हात घातला, असं ते सांगत राहिले. मालकाने अपघाताच्या कागदावर कामगाराचा हलगर्जीपणा लिहिला. बटण बंद असेल तर प्रेस खाली येईलच कशी, असं सगळे म्हणाले. पुढे पुढे त्यांनाही तसंच वाटू लागलं.

"केलं होतं गं," ते हळूच म्हणाले. "पण आता काय त्याचं?"

"पाटीवर लिहिलंय पप्पा. बटण बंद केल्यावरही मोठं चाक फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत प्रेस खाली येऊ शकते. तोवर हात घालू नये."

फोनवर पलीकडचा पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"परत वाच," ते म्हणाले.

तिने परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

"म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मला कुकरखाली जावं लागलं नाही. परीक्षेच्या पुस्तकात नसलेले शब्द ती शोधू लागली. चाक, दाब, कड, चिमटा, सावधान. कव्हर फाटलं, शिवण सैल झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. परीक्षा ती नंतर पास झाली, पण आता तिला त्याचं तेवढं अप्रूप नव्हतं; तो निकाल तिने घरी दोन दिवस उशिराच कळवला.

चाकणला परतल्यावर तिने विजयश्री मॅडमना गाठलं आणि जपानी मशीनवरच्या सगळ्या पाट्या मराठीत करायचं काम मागून घेतलं. पहिला मसुदा तिने बुद्धरत्नांना दाखवला. "सदर यंत्राचे गतिचक्र पूर्णतः स्थिर झाल्याशिवाय..." एवढं वाचून त्यांनी कागद परत केला.

"हे तर मला जपानीच वाटतंय. शिफ्टला आलेला माणूस उभ्या उभ्या वाचणार आहे. लिही, बटण बंद केलं तरी चाक फिरतं. ते थांबेपर्यंत हात घालू नको."

तिने तसंच लिहिलं. आता त्या पाट्या मशीनवर आहेत.

मित्रांनो, पुस्तकं स्वच्छ ठेवा, त्यांना कव्हर घाला, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं थोडं वेगळं आहे. आम्हाला वापरा. नवी भाषा कशासाठी शिकायची हे लगेच कळलं नाही, तर खंत करू नका. पण तुमच्या घरातलं कोणी न समजणारी अक्षरं रोज पुसत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि ती त्यांना वाचून दाखवा.