मस्कतचं मोठं तिकीट

"मामंजी, हे सगळ्यात मोठं मधोमध लावते," म्हणत सुनेनं माझ्या हातातून टपाल तिकिटांची वही ओढून घेतली, तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वयाची चौऱ्याहत्तर वर्षं झाली तरी कौतुकाची हाव काही सुटत नाही मेली.

सून, श्रीलक्ष्मी, आमच्या गावच्या शाळेत शिकवते. औराद तालुक्यातलं हे गाव, आणि मी इथं तीस वर्षं पोस्टमास्तर होतो. 'जगातली मोठी आणि लहान तिकिटं' असं प्रदर्शन तिनं माझ्या वहीवर भरवलं. एका टोकाला नखाएवढी इवलीशी. त्यातलं कोलंबियाकडचं सगळ्यात लहान म्हणतात ते माझ्याकडं कुठून असणार, मासिकातलं चित्र कापून लावलं. दुसऱ्या टोकाला भूतानची लांबलचक. आणि मधे मस्कतचं, निम्म्या पोस्टकार्डाएवढं. एक पोरगी म्हणाली, "ह्ये चाटून चिकटवायचं म्हणलं तर जीभच वाळंल की." सगळे हसले. मीही हसलो, लाज कुठं होती मला!

तेवढ्यात बाणूबाई आली. तिची नात याच शाळेत आहे, तिचं गाणं ऐकायला आलेली. ती त्या तिकिटासमोर थांबली.

"ह्ये कुठलं म्हनायचं, बाई?"

"मस्कतचं, अक्का," श्रीलक्ष्मी म्हणाली.

"आमचा मायाप्पा तिथंच गेलता," बाणूबाई म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "मास्तर, ह्ये तुमास्नी कुनी दिलं?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

शहाण्णव सालची गोष्ट. बाणूबाईच्या पोरानं, मायाप्पानं, बापाला न विचारता मेंढरांच्या कळपातला एडका विकला, म्हणून तिच्या नवऱ्यानं, रेवणसिद्धप्पानं, त्याला चारचौघांत चपलेनं मारलं. पोरगा त्याच आठवड्यात घर सोडून गेला. मस्कतकडं कुणाची तरी मेंढरं राखायला लागला म्हणे. दोन वर्षांनी त्याचं एकच पत्र आलं.

आमच्याकडं तेव्हा रीत होती. मी पत्र वाचून दाखवायचं, आणि वाचनाबद्दल पाकिटावरचं तिकीट मला मिळायचं. पैसे कुणी देत नसे, मी घेतही नसे. पण आधी वाचन आणि मग तिकीट, तेही घरच्यांनी "घ्या की मास्तर" म्हटल्यावर. त्या दिवशी मला तेवढाही दम निघाला नाही. एवढं मोठं तिकीट मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाणूबाई यायच्या आधीच मी पाकिटाचा तो भाग मागच्या बाजूसकट कात्रीनं कापला आणि कोमट पाण्याच्या वाटीत टाकला. तिकीट सुटलं, कागद लगदा होऊन मोरीत गेला. त्या कागदाच्या मागं काय आहे हे मी बघितलंसुद्धा नाही.

दुपारी ती आली. मी वाचायला लागलो. तब्येत बरी आहे, ऊन लई आहे, मेंढरं आपल्यासारखी नाहीत. आणि मग ही ओळ: 'आई, अप्पाचा राग गेला आसंल तर कळीव, मी येतो. मालक बदललाय, नवा पत्ता पाकिटामागं लिवलाय.'

मी ती ओळ गाळली. खरं सांगून टाकलं असतं तर नोकरी गेली असती, हे एक. आणि गावात तोंड कसं दाखवू, हे दुसरं. खरं तर दुसरंच मोठं होतं.

"पत्ता न्हाई का दिला पोरानं?" तिनं विचारलं होतं.

"नाही दिसत."

"आन् पाकीट कामून असं?"

"उंदरानं कुरतडलं."

तिनं ते फाटकं पाकीट पदरात बांधून नेलं. पुढं पत्र आलं नाही. गावातल्या बाया म्हणायच्या, आईबापाला पत्ता न देणारं लेकरू कसलं. ती ऐकून घ्यायची. मी इतकी वर्षं तिच्या दारावरून जात होतो आणि रामराम घालत होतो.

आताही 'मुंबईच्या दुकानातनं आणलं' म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि आता खोटं बोलायचं म्हटलं तरी कशासाठी?

"तुमच्या मायाप्पाच्या पाकिटावरचं आहे," मी म्हणालो. आयुष्यभर तिला तू म्हणत आलो होतो. मग सगळं सांगितलं. कात्री, वाटी, गाळलेली ओळ. सून हातात टाचण्यांची डबी घेऊन तशीच उभी राहिली.

बाणूबाई शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती वळ म्हना," ती म्हणाली.

मी म्हटली. पाठ होती.

"पुन्यांदा."

पुन्हा म्हटली. तिनं डोळे पदरानं पुसले आणि माझी बाही धरली. "ते भायेर बसल्यात. त्यास्नी बी सांगा. कान गेल्यात, मोठ्यानं सांगा."

फाटकाशी लिंबाखाली रेवणसिद्धप्पा बसला होता. नव्वदीला आलेला. मी वाकून त्याच्या कानाशी ओरडलो, "अप्पाचा राग गेला आसंल तर कळीव, मी येतो!" पटांगणातली पोरं थांबून बघायला लागली. मास्तरीण बायका दारात आल्या. त्याला ऐकू गेलं नाही. मला आणखी मोठ्यानं ओरडावं लागलं.

"कुनाचं ह्ये?"

"मायाप्पाचं," बाणूबाई म्हणाली.

"पत्र आलं? कवा?"

मी तिच्याकडं बघितलं.

"आजच मिळालं," ती म्हणाली.

म्हातारा लिंबाला टेकला. मग म्हणाला, "राग कसला आता. कवाच गेला. एका एडक्यापायी लई मारलं म्या लेकराला. लिवा मास्तर, ये म्हनावं."

मी तिथंच मातीत बसलो आणि खिशातल्या कागदावर लिहिलं. त्यानं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला, वाचता येत असल्यासारखा, आणि मला परत दिला.

"पत्ता तेवढा नीट घाला बरं का," तो म्हणाला.

बाणूबाईनं त्याला हाताला धरून उठवलं आणि दोघं घराकडं निघाली.