दुपारच्या टोप्या

मित्रांनो, मी कामतघर भागातल्या एका शेडमधला जुना लोखंडी साचा आहे, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. पूर्वी या शेडमध्ये कापड विणणारे लूम होते. मला दाबयंत्रात, म्हणजे प्रेसमध्ये, बसवलं तेव्हा सुपरवायझर मितेशने हार घातला, नारळ फोडला. एवढं कौतुक कशासाठी, अशी शंका मला तेव्हाच आली होती.

माझ्याकडे काचेच्या धाग्यांचे, प्लास्टिकमध्ये मुरवलेले पत्रे येतात. ते भट्टीत मऊ करायचे, झटकन माझ्यावर आणायचे आणि वरच्या साच्याने दाबायचे. त्यातून सेफ्टी बुटाच्या टोकात बसणारी टोपी तयार होते. गोदामात खोकी उतरवणाऱ्यांची बोटं तिच्याच भरवशावर असतात. पत्रा फार तापला तर प्लास्टिक जळतं. आणायला उशीर झाला तर तो वाटेतच निवतो. दाब लवकर काढला तर टोपी वाकते. शिवाय मी स्वतः सगळीकडून सारखा गरम हवा. थंड साच्याला टेकलेला पत्रा लगेच ताठरतो, धागे सरकत नाहीत, सुरकुत्या पडतात आणि थर सुटे राहतात.

गेल्या पावसाळ्यात दुपारच्या टोप्या बिघडू लागल्या. सकाळच्या चांगल्या, जेवणानंतरच्या सुरकुतलेल्या! मी भट्टीवर संशय घेतला, पत्र्यांवर घेतला, मितेशच्या घड्याळावरही घेतला. माणसांनी मात्र सोपा रस्ता धरला. कोन गावाहून येणारी उन्नती नवीन होती आणि दुपारी प्रेसवर तीच असायची.

"पत्रा आणताना रमतेस तू," मितेश म्हणाला. "हा आठवडा बघतो. नाहीतर दुसरीकडे काम शोध."

"न्हाय हो सर, धावतच आणते मी," ती म्हणाली. कुणी तिची बाजू घेतली नाही. जेवायलाही ती एकटीच दाराशी बसायची. सकाळचं काम थांबलं की बाकीच्यांचे डबे जेवणाआधी तासभर माझ्या ऊबदार अंगावर मांडलेले असायचे. तिच्या डब्याला कुणी जागा दिली नव्हती. डब्यांची ती गर्दी मला फार आवडायची, म्हणून त्यांच्यावर माझा संशय कधी गेलाच नाही.

मग श्रावणातला सोमवार आला. सगळ्यांचा उपवास, केळ्यांवरच भागलं. त्या दुपारी उन्नतीच्या हातून निघालेली एकूण एक टोपी गुळगुळीत! मितेश उलटसुलट करून बघत राहिला.

"आज काय वेगळं केलंस?"

"काहीच न्हाय सर. रोजच्यासारखंच."

त्याला ते पटेना. टोप्यांच्या कडा घासणारी आक्का हसली. "वेगळं काय आसनार? उपास हाय, म्हनून साच्यावर डबं न्हाईत, येवढंच."

मितेशचा हात थबकला. दुसऱ्या दिवशी डबे उचलताच त्याने तापमापक माझ्या अंगाला लावला. जिथे डबे होते तिथे मी निवलो होतो. थंडगार भात-भाजीने माझी ऊब ओढून घेतली होती. दुपार बिघडवणारे डबे सगळ्यांचे होते, फक्त उन्नतीचा त्यात नव्हता.

आता डब्यांसाठी वेगळी शेगडी आली आहे. माझ्यावर काही ठेवायला सक्त मनाई आहे. मित्रांनो, साच्याची ऊब जपा, आणि कुणाकडे बोट दाखवण्याआधी आपला डबा कुठे ठेवलाय ते एकदा बघा.

पहिल्या दिवशी मितेश शेगडीजवळ उभा राहून म्हणाला, "उन्नती, तुझा डबा आधी ठेव."

"नको सर," दाराशी बसलेली उन्नती म्हणाली. "मला थंडच आवडतं."

मी पुष्कळांवर उगाच संशय घेतला, पण तिच्या या बोलण्यावर माझा अजूनही विश्वास नाही.