दोन गाड्या, एक पंप

अग्निशमन केंद्रात गाड्या दोन होत्या आणि पंप एक. ही गोष्ट केंद्राबाहेर कुणालाही ठाऊक नव्हती, आणि त्याचं सगळं श्रेय नानांना जात होतं. केंद्रप्रमुख झाल्यापासून रडगाणं गायचं नाही, हा त्यांचा खाक्या. मागत बसणाऱ्याला वरचे लोक नाकर्ता समजतात, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मुख्य कार्यालयातून मॅडम तपासणीला आल्या की पहिल्या गाडीचा फवारा उडवून दाखवायचा आणि मग त्यांना ऑफिसात चहाला बसवायचं. गप्पा मारण्यात नानांचा हात धरणारा कुणी नव्हता. तोवर शेडमध्ये मेकॅनिक आणि ड्रायव्हर घामाघूम होत तोच पंप काढून दुसऱ्या गाडीला बसवायचे. चहा लांबला की समजायचं, एखादा बोल्ट अडलाय. ड्रायव्हर म्हणजे नानांचा सख्खा भाचा, त्यामुळे बाहेर ब्र निघायची सोय नव्हती.

या खेपेलाही सगळं बिनबोभाट पार पडलं. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, पलीकडच्या केंद्राची गाडी कायमची बंद पडलीय. तुमच्याकडे दोन धडधाकट आहेत, तर पहिली उद्यापासून तिकडे जाईल. ड्रायव्हरसकट.

नानांनी भाच्याकडे पाहिलं. पेटलेल्या घरापुढे हा पाइप धरून उभा राहणार, आणि त्यातून थेंब येणार नाही. मामा काहीतरी करून निभावून नेईल, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि नानांना तेच सहन होईना.

"मॅडम, पहिल्या गाडीला पंप नाही," ते म्हणाले. "आहे तो एकच. आम्ही फिरवतो."

आता बाई फाडून खाणार, असं मेकॅनिकला वाटलं. पण त्यांनी फक्त कधीपासून एवढंच विचारलं. दोन वर्षं झाली, नाना म्हणाले.

"गेल्या वर्षी एक नवा पंप आला होता," मॅडम म्हणाल्या. "पहिला फोन मी तुम्हालाच केला होता. पंपाची काही अडचण आहे का, म्हणून."

नानांना तो फोन आठवला. सगळ्यांसमोर, छाती पुढे काढून, आपल्याकडे काहीही कमी नाही असं त्यांनीच ठणकावून सांगितलं होतं. भाचा तेव्हा शेजारीच उभा होता. मामाचा त्याला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.