विनंती थांबा

पहिल्या पंधरा प्रतिक्रिया वाचून होईपर्यंत उत्तरेश्वररावांना निव्वळ फायदाच दिसत होता. केजच्या स्टँडवर एकतीस वर्षं त्यांनी माईकवरून गाड्या पुकारल्या, पण त्या आवाजाच्या वाट्याला शिव्यांखेरीज काही आलं नव्हतं. गाडी उशिरा आली की एक शिवी, रद्द झाली की दोन. आता निवृत्तीनंतर दोन लाख लोकांनी तोच आवाज ऐकला होता आणि एकानंही आईबहीण काढली नव्हती.

"फुडचं वाच," त्यांनी सुनेला सांगितलं.

मोहिनी मोबाइलवरून वाचत होती. पुण्याच्या सत्यम नावाच्या पोरानं 'विनंती थांबा' नावाचा अल्बम काढला होता. ठिकठिकाणचे आवाज टिपायचे, कापायचे, जोडायचे आणि त्यांच्याखाली मंद, डुलतं संगीत सोडायचं. दोन वर्षांपूर्वी गाडीची वाट बघत तो केजला बसला होता, तेव्हा त्यानं स्टँडचा भोंगा टिपून नेला. मोहिनी शिकवायची त्या शाळेतल्या एका बाईंनी अल्बममधला आवाज ओळखला.

"'या काकांचा आवाज म्हणजे कुणीतरी अंगावर पांघरूण घालतंय,'" मोहिनी वाचू लागली. "'माझ्या दातांच्या दवाखान्यात दिवसभर हेच लावतो, पेशंट ओरडत नाहीत.' 'दहा मिनिटांत झोप. माझी गोळी सुटली.'"

"झोप?" उत्तरेश्वरराव खुर्चीत ताठ झाले. "एकतीस वर्षं मी झोपल्याल्या पाशिंजराला उठवाय वरडलो, अन् ह्यांला माझ्यानं झोप लागती? लाव बरं ते."

आधी उभ्या गाडीच्या इंजिनासारखी घरघर आली. मग त्यांचाच आवाज, संथ केलेला, पुन्हा पुन्हा तेच सांगणारा: "परळीहून आलेले गहिनीनाथ... असाल तिथून कंट्रोलपाशी या... भिवराबाई थांबल्यात..."

उत्तरेश्वररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

भिवराबाई स्टँडवर सीताफळं विकायची. नवरा नऊ वर्षांपूर्वी परळीला वीज केंद्राची राख वाहणाऱ्या गाडीवर कामाला गेला, "चारच्या गाडीनं येतो" म्हणाला, आणि आला नाही. पोलिसांनी एक कागद केला, तो फाइलला लागला. बाईला नवऱ्याला हाक मारायची होती. पण नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? मग ते काम उत्तरेश्वररावांनी अंगावर घेतलं. रोज परळीची गाडी लागली की पुकारायचं. वरून दोनदा खुलासा मागवला गेला. दोन्ही वेळा त्यांनी 'चूक झाली' असं लिहून दिलं आणि चार वाजता पुन्हा तीच चूक केली. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी यंत्रातली बाई आली. तिला गाड्यांची नावं पाठ होती, गहिनीनाथचं नव्हतं.

"आणखी काय लिवलंय?"

मोहिनी चाचरली. "राहू द्या ना, मामा."

"वाच."

"'गहिनीनाथभाऊ, या आता, कंट्रोलर दमले.' त्याला नव्वद जण हसलेत. अन् हे एक, 'गहिनीनाथ म्हणजे आपल्याच आत हरवलेला माणूस.'"

"आत? साडेपाच फुटाचा माणूस हाय त्यो! डाव्या कानात बाळी घालायचा. आत हरवला म्हणं!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "लिही त्या पोराला. बाईचा जीव गुतलाय त्याच्यात, दात उपटताना वाजवाय न्हाई पुकारलं मी. आत्ताच्या आत्ता काढ म्हणावं!"

सत्यम पोरगा भला निघाला. संध्याकाळी माफी आली आणि दुसऱ्या सकाळी गाणं गेलं.

त्याच दुपारी इस्त्रीचा सदरा घालून उत्तरेश्वरराव स्टँडवर गेले. शाबासकी मिळेल या हिशेबानं त्यांनी भिवराबाईला सगळं सांगितलं. ती पाटीतली सीताफळं खालीवर करत ऐकत होती.

"किती लोकांनी ऐकलं म्हणलं तुमी?"

"दोन लाख. पुणं, मुंबई. एक तर दुबईचा."

"अन् त्या समद्यांला ह्यांचं नाव ऐकू यायचं?"

"यायचं की."

"मंग बंद कावून केलं?"

"लोक हसत व्हते, बाई. झोपत व्हते."

"झोपू द्या की!" हातातलं सीताफळ तिनं पाटीत आपटलं. "झोपताना का व्हईना, नाव तर कानावर पडत व्हतं! तुमचा भोंगा लई तर नाक्यापस्तोर जायाचा, सायेब. हे दुबईला गेलतं. दोन लाखातल्या एकानं तरी कुटं बघितलं आसंल माझ्या माणसाला. कुणाला इचारून त्यांचे कान बंद केले?"

"तुमच्या इज्जतीसाठीच..."

"माझ्या का तुमच्या?"

उत्तरेश्वररावांना एकतीस वर्षांत इतकी नेमकी शिवी कुणी दिली नव्हती. "परत लावाय सांगतो," ते पुटपुटले.

"सांगा. तवर चारची कोण पुकारंल?"

तेवढ्यात चारची गाडी लागली. यंत्रातल्या बाईनं परळीचं नाव घेतलं आणि ती गप्प झाली. उत्तरेश्वररावांनी तोंडाशी हात धरून गहिनीनाथला पुकारलं. पण माईकशिवाय तो आवाज पलीकडच्या रिक्षापर्यंतही गेला नाही.

भिवराबाई उठली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, गाडीच्या दाराकडं तोंड केलं.

"गहिनीनाथ!"

कंडक्टरनं वळून पाहिलं. उतरणारे सतरा जण क्षणभर थबकले. उत्तरेश्वरराव धरून ऐकणारे एकोणीस झाले. दोन लाखांच्या जागी एकोणीस. नुकसान केलं होतं उत्तरेश्वररावांनी, भरलं भिवराबाईनं. जन्मभर तोंडात राखलेलं एक नाव होतं, ते देऊन.